नव्वद दिवसांची उधारी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा रबाळ्याचा गाळा भाड्याने घ्यावा की कर्ज काढून विकत घ्यावा, असे तू विचारलेस आणि मी उत्तर न देता चहा संपवला, हे तुला लागले असेल. महापेच्या कंपनीने १,२०० गणवेशांची ऑर्डर दिली असून पैसे नव्वद दिवसांनी मिळणार आहेत, हे तू जाता जाता सांगितलेस. त्यानंतरचे मला काही ऐकूच आले नाही.

हिशेब मांडू. नगाला ६५० रुपये धरले तर बिल ७,८०,००० रुपयांचे. भिवंडीचा कापडवाला नव्या गिऱ्हाइकाला उधार देत नाही, म्हणजे ४,२०,००० आधीच गेले. कटिंग, शिलाई, काज-बटण, इस्त्री आणि टेम्पो यांचे १,८०,००० महिन्याभरात जातील. तुझे सहा लाख रुपये तीन महिने त्यांच्याकडे बिनव्याजी राहणार. शिवाय बिल फाडले की जीएसटी भरावाच लागतो; पैसे आले नाहीत ही सबब तिथे चालत नाही. याला तू धंदा वाढणे म्हणतेस! पैसे खात्यात येईपर्यंत विक्री झालेलीच नसते.

वागळे इस्टेटमध्ये माझे पत्राकामाचे वर्कशॉप होते तेव्हा मीही असाच एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर दुसरा गाळा घेतला. नव्वद दिवसांचे सात महिने झाले. त्या वर्षी ताळेबंदात नफा दिसत होता, मी दिवाळीला पेढेही वाटले, आणि बँकेत हप्त्यापुरते पैसे नव्हते. अकरा वर्षे पत्रा दाबायचे प्रेस मशीन चालवणाऱ्या कारागिराला मी फेब्रुवारीत घरी पाठवले. वाईट त्याचे काम नव्हते, माझी वसुली होती. ‘साहेबांना राग येईल’ म्हणून मी फोनसुद्धा दबक्या आवाजात करीत असे.

तुझ्या हाती निदान कायदा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते; ती माल देण्याआधी झालेली असू दे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करारात काहीही लिहिले तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात; करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दर’ नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तुझे नव्वद दिवस कायद्यात बसतच नाहीत, तरी तू मान डोलावून आलीस. अर्थात पहिल्याच गिऱ्हाइकावर तक्रार करणे जड जाते, हे मी जाणतो. म्हणूनच आगाऊ रक्कम हवी. चाळीस टक्के माग. देत नसतील तर तीनशेच गणवेश घे, त्यांचे पैसे येऊ देत, मग पुढचे तीनशे.

माझा मुलगा म्हणतो की बाबा त्या धक्क्यानंतर भित्रे झाले आणि तीन मशिनांवरच थांबले. शेजारच्या गाळेधारकाने चार गाळे घेतले, हेही खरे आहे. परंतु त्यानंतर माझ्याकडे एकही पगार सात तारखेपुढे गेला नाही, आणि याला कोणी भित्रेपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणावे. पैसे खात्यात आल्याशिवाय विक्री नाही. हे तुला मी पुन्हा सांगतो आहे, कारण मला ते कोणी दोनदा सांगितले नव्हते.

गाळ्याचे नंतर पाहू. करारावर सही करण्याआधी शनिवारी संध्याकाळी ये आणि सगळ्या बिलांची फाइल घेऊन ये. मागच्या वेळी पिशवीतून कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनची माहितीपत्रके तेवढी निघाली होती.

तुझा,
काका