डीबीए प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणतो, डेव्हलपरने काय करावं?

तुम्ही विचारलंय: दोन वर्षांचा अनुभव आहे, एक इंडेक्स (टेबलमधल्या नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची) मागितला तर डीबीए (डेटाबेस सांभाळणारा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) आठ दिवस मागणीचं तिकीट लोंबकळत ठेवतो, कारण विचारलं तर 'प्रॉडक्शन आहे' (म्हणजे ग्राहकांचा चालता डेटाबेस) एवढंच सांगतो, मॅनेजरकडे तक्रार करू का?

या आठवड्यात तरी नको. मी जळगावात डेव्हलपर आहे, त्याआधी चार वर्षं पुण्यात होतो. पुण्यात डीबीए म्हणजे वरच्या मजल्यावरची टीम. चेहरे माहीत नाहीत, फक्त तिकीट नंबर. इथल्या छोट्या कंपनीत डीबीए एकच, आणि सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. ओरॅकल या डेटाबेसवर उमेदीची वर्षं काढलेले, नंतर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसकडे वळलेले. सर्व्हर, बॅकअप आणि अडल्या वेळी प्रिंटरसुद्धा त्यांच्याच गळ्यात. पहिलं वर्षभर त्यांच्याबद्दल माझं मत तुमच्या डीबीएबद्दल तुमचं आहे तेच होतं.

आमचं सॉफ्टवेअर कापसाच्या जिनिंगमध्ये चालतं. गाडी काट्यावर येते, भरलेल्या गाडीचं वजन होतं, कापूस खाली करून रिकाम्या गाडीचं होतं, फरक निघाला की पावती. दिवाळीनंतर सीझन भरात आला की ट्रॅक्टर आणि छोटा हत्तींची रांग गेटबाहेर रस्त्यावर जाते. अशाच सीझनमध्ये एका ग्राहकाला वजनाच्या टेबलमध्ये ओलाव्याची टक्केवारी ठेवायला नवा कॉलम हवा होता. आप्पा म्हणाले, रात्री करू. मी मात्र वाचलेलं होतं की पोस्टग्रेस 11 पासून, म्हणजे 2018 पासून, ठरावीक डीफॉल्टसकट (जुन्या ओळींतही आपोआप दिसणारी किंमत) कॉलम वाढवला तरी अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. क्षणाचं काम. आप्पा जुन्याच भीतीत अडकलेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्या दिवशी ते एका साखरपुड्याला सावद्याला गेले होते. अ‍ॅप्लिकेशनच्या युजरचा पासवर्ड माझ्याकडे होता आणि टेबलची मालकीही त्याच युजरकडे होती (ही मूळ चूक कोणाची, यावर नंतर आमचं बरंच झालं). सकाळी अकराला मी अल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारी आज्ञा) चालवलं.

वाचलेलं खरं होतं, पण अर्धंच. कॉलम वाढवायला क्षणच लागतो, मात्र त्या क्षणापुरतं अख्खं टेबल रिकामं लागतं. सगळ्यात कडक लॉक (टेबल अडवून धरणं), साधं वाचणाऱ्यालाही त्यात जागा नाही. नेमकं तेव्हाच हिशेबाच्या खोलीतून कोणीतरी संपूर्ण सीझनचा रिपोर्ट लावला होता, जो दहा-बारा मिनिटं चालायचा. माझं अल्टर त्या रिपोर्टमागे थांबलं. आणि माझ्या मागे बाकीचे सगळे. रिपोर्ट चालू असताना वजनाची नोंद एरवी बिनधास्त होते, दोघांचं भांडण नाही. पण रांगेत मध्ये माझं अल्टर उभं राहिलं की त्याला ओलांडून कोणाला जाता येत नाही. काट्यावर गाडी उभी, स्क्रीनवर चक्र फिरतंय, मुनीमजी पावतीपुस्तक शोधतायत, आणि बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवतायत.

फोन मला नाही आला. आप्पांना आला, साखरपुड्यात. त्यांनी मांडवाबाहेर येऊन मोबाइलवरूनच लॉगिन केलं, कोण कोणाला अडवतंय ते पाहिलं आणि माझं सेशन (डेटाबेसशी चालू जोडणी) मारलं. मग मला फोन. मी बोलणी खायच्या तयारीत होतो. ते एवढंच म्हणाले, "कायले घाई करून राह्यला भो? काट्यावर गाडी असताना काटा कोणी दुरुस्त करतं का?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या फोनमध्ये सापडलं. चूक माझी होती आणि फोन त्यांना आला. डेव्हलपरला नवं फीचर दिल्याची शाबासकी मिळते. डीबीएला काहीच झालं नाही याची शाबासकी कोणी देत नाही, झालं की मात्र रात्री दोनला उठवतात. अशा माणसाला 'हो' म्हणण्यात फायदा काय? तुमचा डीबीए खडूस असेलही, पण तो खडूस नसता तरी त्याच्या खुर्चीवर बसून 'नाही'च म्हणाला असता.

म्हणून आम्ही आधी फोन बदलला. माझ्या बदलामुळे काही अडलं तर पहिला फोन मला, आप्पांना दुसरा. मॅनेजरकडे जायचंच असेल तर हे मागायला जा. दोन महिन्यांत माझी भाषा बदलली आणि, खरं सांगायचं तर, आप्पांचीही. ते रात्रीची वाट पाहायचे थांबले. आता आम्ही अल्टरच्या आधी लॉक टाइमआउट (लॉकसाठी जास्तीत जास्त किती थांबायचं ती मर्यादा) दोन सेकंदांचा लावतो. जागा मिळाली तर ठीक, नाही तर अल्टर स्वतःच बाजूला होतं आणि आम्ही थोड्या वेळाने पुन्हा लावतो. दिवसाढवळ्या चालतं. टेबलची मालकीही अ‍ॅप्लिकेशनच्या युजरकडून काढली. त्याला आता नोंदी वाचता-लिहिता येतात, टेबलची रचना बदलता येत नाही.

आता तुमच्या इंडेक्सबद्दल. माझंही अगदी असंच एक प्रकरण होतं आणि त्यात बरोबर मी होतो. गाडी नंबरवरून शोधायला फार वेळ लागायचा. आप्पा म्हणत, गाडी नंबरवर इंडेक्स आहेच की. होता, पण कोणी एमएच 19 छोट्या अक्षरांत टाइप करायचं, कोणी मोठ्या, म्हणून आमची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आधी सगळी अक्षरं मोठी करून मग तुलना करायची. कॉलमवर असं फंक्शन चढवलं की साधा इंडेक्स कामाला येत नाही. फंक्शनसकटच इंडेक्स बांधावा लागतो. मी तोंडी तीनदा सांगितलं, तीनदा 'बघू'. चौथ्यांदा एक्सप्लेन अ‍ॅनालाइझचा (क्वेरी नेमकी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा) निकाल आणि सोबतचे आकडे कागदावर छापून नेले: टेबलमध्ये ओळी किती, क्वेरी दिवसातून किती वेळा चालते, त्यातल्या किती ओळी वाचून फेकून देते. आप्पांनी चष्मा लावून वाचलं. मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली, जी आधी कधीच सांगितली नव्हती: त्या टेबलवर आधीच सात इंडेक्स होते, आणि प्रत्येक वजनाच्या नोंदीला सातही ठिकाणी लिहावं लागत होतं. मग आम्ही दोघांनी बसून वापराचे आकडे काढले. दोन इंडेक्सना सीझनभरात कोणी हातच लावला नव्हता. ते काढले, माझा घातला. दुपारच्या चहाच्या आत संपलं.

तीन महिने आम्ही यावर एकमेकांशी तुसडेपणाने बोलत होतो!

आप्पांची एक सवय मला तेव्हा नुसतं सोवळं वाटायची. महिन्यातून एकदा ते बॅकअप दुसऱ्या मशीनवर पूर्ण उतरवून पाहत, अर्धा दिवस जायचा. पुढे गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेची हकीकत वाचली. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) बराच काळ तयारच होत नव्हता, कारण तो काढणारं साधन जुन्या आवृत्तीचं होतं. कोणीतरी सुमारे सहा तास आधी सहज घेतलेल्या स्नॅपशॉटवर (डिस्कची त्या क्षणाची प्रत) निभावलं. हे त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं, त्याचं मला कौतुक आहे. ते वाचल्यापासून आप्पांचा तो अर्धा दिवस मी कधी मागितला नाही.

हल्ली पोरं म्हणतात, क्लाउडवर गेलं की डीबीए लागतच नाही. बॅकअप आणि पॅचेस तिकडे सांभाळतात हे खरं. तुमची वाकडी क्वेरी मात्र तिकडेही वाकडीच चालते, फक्त बिल मोठं येतं.

एक गोष्ट ऐकायला फालतू वाटेल. हिवाळ्यात आप्पांच्या शेतात भरीत पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, सोबत पुऱ्या. त्या अल्टरनंतरच्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं आणि वांगी सोलता सोलता मी पहिल्यांदा विचारलं, तुम्ही एवढे घाबरता का? त्यांनी जुन्या नोकरीतली एक रात्र सांगितली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. तुमच्या डीबीएकडेही अशी एखादी रात्र असणार. तिकिटात ती विचारता येत नाही, चहावर येते.

एवढं करूनही तो आकडे बघायला तयार नसेल, कारण सांगत नसेल आणि 'मी आहे म्हणून डेटाबेस आहे' याच थाटात असेल, तर मॅनेजरकडे खुशाल जा. असेही असतात, पुण्यात मी एक पाहिलाय. पण आधी कमेंटमध्ये सांगा, इंडेक्स कोणत्या टेबलवर मागितलाय आणि ते केवढं आहे. चालत्या मोठ्या टेबलवर 'कन्करंटली' (लिहिणं चालू ठेवून इंडेक्स बांधायचा पर्याय) न लिहिता मागितला असेल तर तो बांधून होईपर्यंत सगळं लिहिणं अडेल, आणि मग मी तुमच्या डीबीएच्या बाजूने आहे.