हिवाळ्यात कॅलेथिया, ड्रॅसिनासारख्या नाजूक झाडांना कोणतं पाणी द्यावं?

पानांची टोकं करपत असतील तर आधी पाणी बदलून पाहा. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी सर्वांत चांगलं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. फ्लोराइड आणि क्षार मात्र तसेच राहतात. उकळल्यानं तर फ्लोराइड आणखी दाट होतं. वॉटर सॉफ्टनरचं (जड पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचं) पाणी अजिबात नको, त्यात बहुधा सोडियम असतं.

पाणी खोलीच्या तापमानाचं, साधारण २० अंश सेल्सिअस हवं. थंडीत मुळं कमी पाणी ओढतात, म्हणून वरची २-३ सेंटिमीटर माती सुकल्यावरच घाला. मातीवर क्षारांचा पांढरा थर दिसला तर तो खरवडून काढा आणि कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून पूर्ण निथळू द्या. बशीत साचलेलं फेकून द्या. करपलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत, फरक नव्या पानांवर दिसेल.