रिकाम्या कार्ट्रिज आणि वेस्ट टोनरचे डबे भंगारात द्यावेत का?

महाप्यातील आपल्या कार्यालयात चार कॉपियर आहेत, दोन वर्षांच्या रिकाम्या कार्ट्रिज आणि वेस्ट टोनरचे डबे स्टोअररूममध्ये साठले आहेत आणि भंगारवाला ते सगळे एकरकमी उचलायला तयार आहे, तर त्याला द्यावे का, असे आपण विचारले आहे. देऊ नये. ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका कार्यालयाचे प्रशासन मी बरीच वर्षे पाहिले आणि ही चूक स्वतः एकदा केली आहे. भंगारात गेलेल्या कार्ट्रिजमधून प्लास्टिक आणि ड्रमची (ज्यावर छपाईची प्रतिमा उमटते त्या गोल भागाची) ॲल्युमिनियमची नळी काढून घेतली जाते. आत उरलेल्या टोनरच्या पुडीला भाव नसल्याने ती तिथेच झटकली जाते. धडधाकट कार्ट्रिज तर फोडतही नाहीत. त्या भरून नव्या खोक्यात ‘ओरिजिनल’ म्हणून पुन्हा आपल्याच दारात येऊ शकतात.

आपल्याकडचा कचरा दोन प्रकारचा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. कार्ट्रिज हा ई-कचरा आहे आणि त्यातील बराचसा भाग पुन्हा वापरात येतो. वेस्ट टोनरच्या डब्याचे तसे नाही. ड्रमवरचा किंवा बेल्टवरचा जो टोनर कागदावर उतरत नाही, तो ब्लेडने खरवडला जाऊन या डब्यात पडतो आणि त्यात कागदाची धूळही मिसळलेली असते. म्हणून ‘हाच पुन्हा भरून देतो’ असे कोणी म्हणाल्यास नकार द्यावा. प्रिंट काळपट येते आणि मशीन बिघडते ते वेगळेच.

टोनर ही शाई नसून मुख्यतः प्लास्टिकची पूड असते, तिच्यात काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक असते आणि तिचा कण साधारण 5 ते 10 मायक्रॉनचा असतो. कार्बन ब्लॅकला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2बी, म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवले आहे. टोनरमध्ये ते प्लास्टिकमध्ये बांधलेले असल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण ही धूळ उडू देऊ नये, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे. आमच्याकडे एका पावसाळ्यात आडवा ठेवलेला डबा गळला. शिपायाने सद्भावनेने साधा व्हॅक्यूम क्लीनर लावला. पूड फिल्टरमधून आरपार जाऊन मागच्या बाजूने धुरासारखी बाहेर आली आणि फॉल्स सीलिंगपर्यंत काळा थर बसला. एवढ्या बारीक पुडीने मोटारीजवळ पेट घेण्याचाही धोका असतो, हे मला नंतर कळले. उरलेले फरशीवरून काढायला गरम पाणी वापरले, तेव्हा टोनर वितळून सांध्यांत कायमचा बसला. सांडल्यास पंखा बंद करावा, मास्क आणि हातमोजे घालून थंड पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने टिपावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

नियमांविषयी थोडक्यात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 च्या यादीत कार्ट्रिजसह प्रिंटर आणि कॉपियर, दोन्ही येतात. एका आर्थिक वर्षात 1000 किंवा अधिक उपकरणे वापरणाऱ्यांना त्यात मोठे ग्राहक मानले असून त्यांनी ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांनाच द्यायचा असतो. आपण या व्याख्येत बसत नसलात, तरी मार्ग तोच धरावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी तपासावी. नुसते लेटरहेडवर ‘ई-वेस्ट रिसायकलर’ छापलेले असणे पुरेसे नाही. मशीन बनवणाऱ्या कंपनीची कार्ट्रिज परत घेण्याची योजना असल्यास ती आधी विचारावी.

खरी सोय मात्र एएमसीच्या, म्हणजे मशीनच्या वार्षिक देखभालीच्या, करारात आहे, आणि तिथेच बहुतेक जण गाफील राहतात. दर कॉपीमागे पैसे घेणारा विक्रेता नवे टोनर आणून देतो, पण रिकामे कोण नेणार हे करारात लिहिलेले नसते. कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी एक कलम घालून घ्यावे: जितक्या कार्ट्रिज आणि वेस्ट टोनरचे डबे बदलले, तितके मोजून परत न्यावेत आणि दर तिमाहीला नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याची पोच द्यावी. आमच्या विक्रेत्याने सुरुवातीला कुरकुर केली. पोच नाही तर बिल नाही, असे सांगितल्यावर तीन महिन्यांत कागद येऊ लागले.

तोवर साठलेला माल असा ठेवावा: डब्यांची तोंडे त्यांच्यासोबत आलेल्या झाकणांनी किंवा टेपने बंद करावीत, प्रत्येक डबा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभा ठेवावा आणि खोक्यावर संख्या व तारीख लिहावी. पूड एकत्र करण्यासाठी डबे उघडू नयेत आणि यातले काहीही जाळू नये. हाउसकीपिंगच्या लोकांनाही हे एकदा समोर उभे राहून दाखवावे, कारण कोरडा कचरा समजून तुर्भ्याच्या कचराभूमीकडे निघालेल्या गाडीत जाणारा डबा बहुधा त्यांच्याच हातून जातो.