सोनार असूनही पाणबुडी लपते कशी?

प्रश्न: माझा मुलगा अकरावीला आहे. तो विचारतो, हवेपेक्षा पाण्यात आवाज चारपटीहून जास्त वेगाने जातो, मग युद्धनौकेवर सोनार (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारं यंत्र) असताना पाणबुडी सापडत का नाही? मला काही सांगता आलं नाही.
- एक वाचक, ऐरोली

उत्तर: मुलाचं गणित बरोबर आहे हो. हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर, समुद्रात १५०० च्या आसपास. पण हे १५०० सगळीकडे सारखं नसतं, खरी भानगड तिथेच आहे. पाणी गरम असलं की वेग वाढतो, खारटपणा वाढला की वाढतो, आणि खोल गेलं की दाबामुळे दर १०० मीटरला साधारण पावणेदोन मीटरने वाढतो. आणि आवाज सरळ जात नाही, जिकडे वेग कमी तिकडे वळतो.

मे महिन्यात भर दुपारी त्याला पाम बीच रोडला न्या. लांबवर डांबरावर पाणी सांडल्यासारखं दिसतं ना, ते तापलेल्या हवेमुळे प्रकाश वर वळल्यामुळे. समुद्रात तेच उलटं होतं, वरचं पाणी तापलेलं, म्हणून आवाज खाली वळतो आणि काही अंतरापुढे वरच्या भागात सोनारचा आवाज जवळजवळ पोचतच नाही, तिथे पाणबुडी असली तरी प्रतिध्वनी येत नाही. गावी विहिरीत पोहला असेल तर त्याला कळेल, छातीपर्यंत कोमट आणि पाय खाली सोडले की एकदम गारठा, तसाच थर समुद्रात असतो.

१९३० च्या दशकात अमेरिकन नौदल याच कोड्यात अडकलं होतं, सकाळी सोनार छान चालायचं आणि दुपारी तीच पाणबुडी गायब. मशीन तर धडधाकट होतं, दिवसभराच्या उन्हाने वरचं पाणी तापलेलं असायचं. मग खोलीनुसार तापमान नोंदवणारं बॅथीथर्मोग्राफ आलं. आता धावत्या जहाजावरून एक छोटा प्रोब टाकतात, बारीक तारेने तो खाली जाता जाता तापमान कळवत राहतो, त्यावरून कॉम्प्युटर आवाजाची वाट काढतो. आपल्याकडे हे काम जास्त किचकट, कारण अरबी समुद्रात पावसाळी वारे वरचा थर घुसळून टाकतात आणि बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी वर पसरतं, म्हणजे एप्रिलचा हिशोब जुलैत चालत नाही.

आणि हो, मुलाला हेही सांगा, पाणबुडीतले लोकही पाण्याचं तापमान बघूनच कुठल्या थराखाली दडायचं ते ठरवतात.