वाचकांचे प्रश्न : न आलेल्या खेळाची वाट पाहताना

या महिन्यात सोलापुरातून आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच होता. ‘द विचर ४’ आणि ‘द एल्डर स्क्रोल्स ६’ हे दोन मोठे व्हिडिओ गेम घोषित झाले आहेत, पण हे सदर लिहीपर्यंत त्यांपैकी एकाचीही प्रकाशनाची तारीख जाहीर झालेली नाही. खेळणाऱ्यांची उत्कंठा, घरच्यांची काळजी आणि मध्ये अडकलेला पैशांचा प्रश्न हे सारे या पत्रांत आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

माझा नातू इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. न आलेल्या एका खेळाविषयी तो मित्रांशी तासन्‌तास बोलत असतो. त्या खेळात एवढे काय आहे, हे माझ्यासारख्याला समजेल असे सांगाल का?
— एक निवृत्त शिक्षक, बाळीवेस

आपण हे समजून घेऊ इच्छिता, याचा मला मनापासून आनंद झाला. नातू ज्या प्रकारच्या खेळाची वाट पाहतो आहे त्याला ‘ओपन वर्ल्ड आरपीजी’, म्हणजे खुल्या जगातला ‘रोल-प्लेइंग गेम’, म्हणतात. सिद्धेश्वर यात्रेत यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तैलाभिषेकाच्या, दिवशी नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा मार्ग आणि क्रम परंपरेने ठरलेला असतो. पण एखाद्या साध्या दिवशी आपण एकटेच त्या लिंगांच्या दर्शनाला निघालात, तर सुरुवात कोठून करायची, वाटेत कोणाच्या ओट्यावर टेकायचे, कोणती गल्ली उद्यासाठी ठेवायची, हे सर्वस्वी आपल्या हाती असते. बहुतेक जुने खेळ मिरवणुकीसारखे ठरल्या मार्गाने चालत, तर हे खेळ त्या एकट्याने केलेल्या फेरीसारखे असतात. त्यातच खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, त्याचे निर्णय घेतो आणि त्या निर्णयांचे परिणामही भोगतो.

एक छोटा प्रसंग सांगतो. ‘द विचर ३’ या २०१५ सालच्या खेळात सुरुवातीच्या गावात एक म्हातारी बंद झोपडीबाहेर उभी असते. कोणा परक्या माणसाने तिच्याकडून तळणीचा तवा उसना नेला आहे आणि आता तो दार उघडत नाही, एवढीच तिची तक्रार असते. नायक दार फोडून आत जातो, तर तेथे एक प्रेत पडलेले असते, कागद जळालेले असतात आणि तवा लख्ख घासलेला असतो. त्याची काजळी खरवडून कोणीतरी लिहिण्यासाठी शाई केली होती, हे तेथील खुणांवरून उलगडते. म्हातारीला मात्र या साऱ्याशी काही देणेघेणे नसते. तवा स्वच्छ होऊन परत मिळाला, यातच ती खूश असते. युद्धात होरपळलेल्या त्या मुलखाची एवढीशी गोष्ट मुख्य कथेला कोठेही आवश्यक नाही, आणि अनेक खेळाडू तेथे न थांबताच पुढे जातात. जे थांबतात त्यांना ती वर्षानुवर्षे आठवते. असे शेकडो प्रसंग एका नकाशावर पेरलेले असतात, आणि नातू वाट पाहतो आहे ती अशा नव्या प्रसंगांची.

‘विचर’च्या बाबतीत आणखी एक धागा आहे. तिसऱ्या भागात जिचा शोध घेत खेळाडू सारा मुलूख पालथा घालतो, ती सिरी चौथ्या भागाची नायिका असणार आहे. जिला शोधले, तिच्याच रूपाने आता चालायचे आहे. तिच्याविषयी नातवाला जरूर विचारा. तो भरभरून बोलेल याची मला खात्री आहे.

‘एल्डर स्क्रोल्स ६’ची घोषणा झाली तेव्हा मी शाळेत होतो. आता पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे आणि खेळाचा पत्ता नाही. कंपनी आम्हाला झुलवत ठेवते आहे का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

आपली चिडचिड रास्त आहे, परंतु तिचा रोख उशिरापेक्षा घोषणेकडे असायला हवा. जून २०१८ मध्ये हा खेळ बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने दाखवलेली चित्रफीत जेमतेम अर्ध्या मिनिटाची होती: डोंगरांवरून सरकणारा कॅमेरा, संगीत आणि शेवटी नाव. त्या काळात कंपनी ‘स्टारफील्ड’ या दुसऱ्या खेळात गुंतलेली होती आणि आधी तोच येईल हे तिने सांगितलेही होते. ‘स्टारफील्ड’ सप्टेंबर २०२३ मध्ये आला, आणि ‘एल्डर स्क्रोल्स ६’ पूर्वतयारीचा टप्पा ओलांडून प्रत्यक्ष निर्मितीत गेल्याचे त्याच्या जरासे आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये सांगण्यात आले. म्हणजे आपण २०१८ पासून मोजत असलेल्या वर्षांपैकी पहिली पाच वर्षे हा खेळ खऱ्या अर्थाने घडतच नव्हता.

याच कंपनीने पूर्वी याच्या अगदी उलट केले आहे. याच मालिकेतील ‘स्कायरिम’ डिसेंबर २०१० मध्ये घोषित झाला आणि ११ नोव्हेंबर २०११ रोजी लोकांच्या हाती पडला. ‘ऑब्लिव्हियन’ या २००६ च्या भागाची नव्याने घडवलेली आवृत्ती तर २२ एप्रिल २०२५ रोजी ज्या दिवशी अधिकृतपणे जाहीर झाली, त्याच दिवशी विक्रीला आली. तेव्हा झुलवत ठेवणे हा या धंद्याचा अटळ भाग नाही. २०१८ ची ती घोषणा फार लवकर झाली, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष निर्मितीलाच एवढा वेळ का लागतो, तेही पाहू, कारण याचा विचार खेळणारेही फारसा करत नाहीत. बंदिस्त खेळात खेळाडू कोठून आत येणार आणि कोठून बाहेर पडणार हे निर्मात्याला ठाऊक असते. खुल्या जगात तो कोठूनही, केव्हाही, काहीही करून येऊ शकतो. समजा, एका लोहाराने आपल्याला हरवलेली तलवार शोधायला पाठवायचे आहे, पण खेळाडूला ती तलवार एका गुहेत आधीच सापडली, त्याने ती विकूनही टाकली, आणि तो लोहाराकडे पोहोचण्यापूर्वी गावावर हल्ला होऊन लोहार मारला गेला. यांतल्या प्रत्येक शक्यतेसाठी संवाद लिहावे लागतात, कलाकारांकडून ते वदवून घ्यावे लागतात आणि शेवटी तपासावे लागतात. दिवस-रात्र, पाऊस, रस्त्यावरची माणसे, जनावरे यांचे नियम एकमेकांत मिसळले की कोणाच्या मनातही न आलेल्या चुका निर्माण होतात. एवढे मोठे जग एका वेळी मेमरीत मावत नसल्यामुळे खेळाडू पुढे सरकेल तसा समोरचा भाग आणायचा आणि मागचा सोडून द्यायचा, हे काम खेळ न अडखळता सतत चालावे लागते. घोड्यावरून भरधाव जाताना समोरची झाडे अचानक उगवल्यासारखी दिसतात, ती याच कामात क्षणभर मागे पडल्यामुळे.

‘विचर ४’ बनवणाऱ्या पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने तर स्वतःचे इंजिन, म्हणजे खेळ घडवण्याचे सॉफ्टवेअर, बाजूला ठेवून ‘अनरियल इंजिन ५’ स्वीकारल्याचे मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. हत्यारेच बदलली की कुशल कारागिरालाही हात बसायला वेळ द्यावा लागतो. २०२६ संपण्यापूर्वी हा खेळ येणार नाही, हे त्या कंपनीने स्वतःच सांगितले आहे, आणि वेळेआधी आशा लावण्यापेक्षा असे सांगणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

ट्रेलर पाहून खेळ कसा असेल ते ठरवता येते का? माझे मित्र म्हणतात, प्री-ऑर्डर (आगाऊ खरेदी) सुरू झाली की पहिल्याच दिवशी पैसे भरायचे.
— अकरावीतील एक विद्यार्थिनी, होटगी रोड

नाही, ट्रेलरवरून ठरवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये दाखवलेला ‘विचर ४’चा ट्रेलर आधीच तयार करून ठेवलेले चलचित्र होते, प्रत्यक्ष खेळताना टिपलेले दृश्य नव्हते, आणि तसे त्या ट्रेलरसोबतच स्पष्ट करण्यात आले होते. जून २०२५ मध्ये साध्या प्लेस्टेशन ५ या सोनीच्या कन्सोलवर (खेळयंत्रावर) सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या, गतीने चालणारे एक प्रात्यक्षिकही दाखवले गेले. बाजारातला माणसांचा गजबजाट, घोड्याच्या कातडीखाली हलणारे स्नायू हे सारे पाहताना मीही हरखून गेलो. मात्र ते तंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक आहे, प्रत्यक्ष खेळाचा भाग नाही, हे निर्मात्यांनीच सांगितले होते. आपण ते वाक्य विसरतो आणि घोडा लक्षात ठेवतो.

प्री-ऑर्डरविषयी बोलायचे तर याच कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’चा इतिहास आपल्या मित्रांना जरूर सांगा. एप्रिल २०२० मध्ये येणारा तो खेळ आधी सप्टेंबर आणि मग नोव्हेंबरवर ढकलला गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘खेळ तयार आहे, आता बदल नाही’ अशा अर्थाची घोषणा झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी तीन आठवड्यांचा उशीर जाहीर झाला. अखेर १० डिसेंबर २०२० रोजी तो आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तेथे तो पुन्हा विक्रीला आला तो जून २०२१ मध्ये. पुढे कंपनीने चिकाटीने त्याची डागडुजी केली आणि आज तो खरोखर उत्तम खेळ आहे. हे श्रेय तिला द्यायलाच हवे. परंतु पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्यांना जे मिळाले, त्याहून कितीतरी चांगला खेळ नंतर थांबून घेणाऱ्यांना कमी पैशांत मिळाला.

डिजिटल प्रतींचा साठा संपत नसतो, त्यामुळे घाई करून हाती काही लागत नाही. तरीही पैसे भरलेच, तर स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर प्रकाशनापूर्वी केव्हाही प्री-ऑर्डर रद्द करता येते, आणि नंतरही चौदा दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर परतावा मागता येतो, हे ध्यानात ठेवा. मात्र या प्रकारच्या खेळात पहिले दोन तास बहुधा ओळखीतच जातात, तेव्हा त्या मुदतीवर फार विसंबू नका.

मुलगा नव्या ‘विचर’साठी आत्ताच सत्तर हजारांचे ग्राफिक्स कार्ड मागतो आहे. आमचा घरातच टॉवेलचा माग आहे. पैसे साठवलेले आहेत, पण खर्च करावा का, ते कळत नाही.
— एक आई, पूर्व भाग

ताई, आत्ता करू नका. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरचा पडद्यावरची चित्रे घडवणारा भाग. ज्या खेळाला कोणते कार्ड लागेल हे त्याच्या निर्मात्यांनीच अजून जाहीर केलेले नाही, त्यासाठी कोणते कार्ड पुरेल हे मुलाला किंवा दुकानदाराला तरी कसे ठाऊक असणार? या गरजा खेळ आल्यानंतरसुद्धा बदलतात. ‘सायबरपंक’ला २०२० मध्ये किमान जीटीएक्स ७८० हे कार्ड चालत होते, २०२३ च्या मोठ्या बदलानंतर किमान पायरी जीटीएक्स १०६० झाली आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे अधिक वेगवान डिस्क, आवश्यक ठरली. वर्ष-दीड वर्ष आधी घेतलेले कार्ड खेळ येईल त्या दिवशी जुन्या पिढीचे झालेले असेल आणि त्याच्या वॉरंटीचा काही काळ खेळाची वाट पाहण्यातच सरलेला असेल.

आपण मागाचा उल्लेख केलात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. आहे त्या कॉम्प्युटरची बाजूची झाकणी एकदा उघडून पाहा. माग चालतो त्या घरात सुताची तूस हवेत असते, ती पंख्याबरोबर आत ओढली जाते आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी घट्ट बसते. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा पात्यांतून जातच नाही. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे आणि डोक्यावर पत्रे. तापमान ठरावीक मर्यादेवर गेले की प्रोसेसर आणि कार्ड जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतात, आणि मुलाला वाटते की मशीन जुने झाले. मशीन बंद करून, प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने आणि ब्लोअरने ती तूस काढा, आणि कॉम्प्युटर शक्यतो मागाच्या खोलीत ठेवू नका. एवढ्यानेच मोठा फरक पडल्याचे मी पूर्व भागातील घरांत पाहिले आहे.

पैसे मुलाच्या नावाने वेगळे ठेवा आणि तसे त्याला सांगा. त्याची इच्छा खोटी नाही, फक्त खरेदीची वेळ आलेली नाही. खेळ आल्यावर दोन-तीन आठवडे थांबून, त्याच्या गरजांची अधिकृत यादी आणि परीक्षणे पाहून, तो स्वतःच कार्डाची निवड आपल्यासमोर मांडू शकेल.

आपल्याकडे असा खेळ कधी बनेल का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

सुरुवात झालेली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. तो खुल्या जगाचा नाही आणि आकाराने लहान आहे, पण भारतीय पुराणकथा आणि राजस्थानी वास्तुकला यांतून उभे केलेले त्याचे जग आपले वाटते. वर वर्णन केलेल्या मोठ्या खेळांवर शेकडो माणसे वर्षानुवर्षे काम करतात. तेवढे भांडवल एवढा काळ अडकवून ठेवणारे कोणी मिळेपर्यंत अशा लहान खेळांना आपण पैसे देऊन घेणे हाच त्या दिशेचा रस्ता आहे.

तोपर्यंत काय खेळावे?
— अनेक वाचक

‘विचर ३’ खेळला नसेल तर तोच. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या मोफत सुधारणेमुळे तो आजही देखणा दिसतो, शिवाय सिरीची ओळख आधी झालेली बरी. साधा लॅपटॉप असलेल्यांनी ‘स्कायरिम’ची मूळ आवृत्ती पाहावी. संवादांत आणि निर्णयांत रस असेल तर ‘बाल्डुर्स गेट ३’ घ्या, मात्र त्याला सुमारे १५० जीबी जागा लागते, तेव्हा खरेदीपूर्वी डिस्क तपासा आणि डाउनलोड रात्री लावा.