साध्या पेट्रोल गाडीतही उतारावर बॅटरी चार्ज होते का?

होते, गाडीत स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं, व्होल्टेज कमी-जास्त करता येणारं यंत्र) असेल तर. पन्हाळ्याहून कोल्हापूरकडे उतरताना माझ्या गाडीत लावलेला व्होल्टमीटर बघण्यासारखा असतो: ॲक्सिलरेटरवर पाय असताना १२.८, पाय उचलला की लगेच १४.८ व्होल्ट. गाडी गिअरमध्ये असल्यानं तेव्हा चाकंच इंजिन फिरवतात, इंजेक्टर पेट्रोल सोडत नाहीत. नेमकं त्याच वेळी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अल्टरनेटरचं व्होल्टेज वाढवतो आणि जवळजवळ फुकटची वीज बॅटरीत जाते. चढाला उलट, अल्टरनेटरचा इंजिनवरचा भार कमी करतो. या विजेवर गाडी पळत नाही. दिवे, ब्लोअर वगैरे चालतात, त्यामुळे इंधनाची बचत थोडीच. बॅटरी बदलताना मात्र कंपनीनं दिलेल्या ईएफबी किंवा एजीएम प्रकाराचीच (सतत चार्ज-डिस्चार्ज सोसणारी) घ्या, साधी लवकर जाते. आणि घाटात न्यूट्रल अजिबात नको. हे फुकटचं चार्जिंगही जातं, इंजिनचा ब्रेकही.