रुग्णालयांची जाहीर तुलना करायची तर कोणते निर्देशक भरवशाचे?

मी सगळ्यात आधी केसेसची संख्या बघेन. समजा एका रुग्णालयात वर्षात 20 शस्त्रक्रिया झाल्या आणि एकही मृत्यू नाही. तरी खरा मृत्युदर 15 टक्क्यांच्या आसपास असण्याची शक्यता उरते, कारण इतक्या थोड्या केसेसमध्ये शून्य हा आकडा योगायोगानेही येतो. म्हणून दोन-तीन वर्षांची आकडेवारी एकत्र करा आणि दरासोबत अनिश्चिततेची मर्यादाही, म्हणजे खरा दर कुठून कुठपर्यंत असू शकतो तेही, छापा. पहिला-दुसरा-तिसरा अशी क्रमवारी कृपया लावू नका, त्यातून लोकांची दिशाभूलच होते.

मग येतो रुग्णांच्या गंभीरतेचा हिशेब. अमेरिकेत 1986 मध्ये रुग्णालयांचे मृत्युदर जाहीर झाले, तेव्हा यादीत सर्वात वाईट दिसलेली संस्था चक्क हॉस्पिस होती, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारी! पुढे न्यूयॉर्क राज्याने बायपासचे आकडे देताना वय, हृदयाची पंप करण्याची ताकद वगैरे धरून दर काढले. हे समायोजन नसेल तर कच्चा मृत्युदर छापूच नये. मृत्यूही 30 दिवसांपर्यंतचे मोजा, नाहीतर लवकर डिस्चार्ज देणारं रुग्णालय उगाच चांगलं दिसतं.

रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाच्या आकड्यांबाबत विशेष जपा. जे रुग्णालय नीट शोधतं त्यालाच जास्त सापडतात. सगळीकडे व्याख्या एक आणि नोंदींची बाहेरून तपासणी, या दोन्ही गोष्टी नसतील तर तो निर्देशक सरळ वगळा.

लहान रुग्णालयांसाठी मी प्रक्रियेचे निर्देशक, म्हणजे योग्य उपचार वेळेत झाले का हे सांगणारे आकडे घेईन, उदाहरणार्थ हार्ट अटॅकचा रुग्ण आल्यापासून 90 मिनिटांत अँजिओप्लास्टी झाली का.